दत्तूकाका वहीत काय लिहायचे

मी दत्तूकाकांना सेटवरून हाकललं होतं. सगळ्या युनिटसमोर.

आज सकाळी ते गेले.

दत्तूकाका आमच्या ऐरोली गावठाणातले. जत्रेत दरवर्षी एक जुनं शोकांत नाटक व्हायचं. संशयापायी सख्ख्या भावाला मारणारा सरदार. वीस वर्षं तो सरदार म्हणजे काका.

मी पहिल्या रांगेत बसून ते बघत मोठा झालो. आणि मग त्याचीच फिल्म करायला घेतली.

सरदाराचा केला लोखंडाचा व्यापारी. किल्ल्याऐवजी कळंबोलीचं लोखंड मार्केट. गंजलेल्या सळ्या, धूर, ट्रेलरच्या रांगा.

आणि रक्त. भरपूर रक्त.

काका रोज शूटिंगला यायचे. कोपऱ्यात खुर्ची टाकून वहीत काहीतरी लिहायचे. मी जवळ गेलो की वही बंद.

शूटिंगच्या पहिल्याच आठवड्यात प्रोड्युसरचे फोन सुरू झाले.

"आज तीनच शॉट झाले म्हणे?"

"हिरोशी भांडलास म्हणे?"

ह्याला सेटवरून कोण सांगतंय?

मला ती वहीच दिसायला लागली. फिल्म काकांना आवडत नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. एकदा ते फोनवर बोलत होते, तर मी हळूच मागे जाऊन उभा राहिलो. सुनेला सांगत होते, "जेवायला थांबू नको."

तरी मला वाटलं, मला बघून विषय बदलला.

भावाच्या खुनाचा सीन लागला. काका उठून म्हणाले, "अरं, येवरं रगत कशाला? आमी पाठ फिरवून मारायचो. तरी लोकं रडायची."

माझा ताबा सुटला. "तुम्ही प्रोड्युसरचे खबरी आहात काका. निघा इथून."



काकांनी खुर्ची मिटून भिंतीला लावली आणि ते निघून गेले.

फोन येतच राहिले.

पुढे एडिटिंगच्या वेळी प्रोड्युसर सहज बोलून गेला. त्याला रोजचा रिपोर्ट आमचा कॅमेरामन द्यायचा.

त्याच दुपारी काकांच्या घरी गेलो. हात जोडले. वहीत काय लिहायचात, विचारलं.

त्यांनी वही पुढे सरकवली.

नाटकातली कुठली कुठली वाक्यं मी कापली, त्याची यादी. पानंच्या पानं.

"मना तुजाच संशय व्हता," काका म्हणाले. "वाटायचं, ह्यो नाटकाची वाट लावनार. म्हनून रोज यायचो."

म्हणजे पाळत दोघांचीही चालू होती. फक्त हाकलून द्यायची ताकद माझ्याकडे होती.

त्या यादीतली चार वाक्यं फिल्ममध्ये परत घेतली. खुनाचा सीन नव्याने शूट केला. आता त्यात रक्त नाही, हिरोची पाठ दिसते, बस.

खारघरला मित्रांसाठी शो ठेवला, तेव्हा काका कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. संपल्यावर लाइट लागले तरी बसून होते.

"कशी वाटली, काका?"

"चांगली हाय."

माझ्याकडे न बघता म्हणाले.

मनापासून म्हणाले, की मला बरं वाटावं म्हणून? कितीदा ठरवलं, एकदा जाऊन नीट विचारू. धीरच झाला नाही.

आता हा संशय माझ्याजवळच राहणार.

काका, त्या दिवशी मी चुकलो. सगळ्यांसमोर चुकलो, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय.

या, काका. माझा शेवटचा नमस्कार.