भिंतीत घेतलेला चिरा

"सायबानू, ह्यो चिरो हलवतलो कोण? मी तरी हात लावूचंय नाय!" बाबल गवंड्याने थापी खाली ठेवली आणि काम थांबलं.

२००४ साल. शिरोड्याजवळ नारायण नावाच्या ट्रॉलरवाल्याचं घर मी बांधत होतो. पावसाआधी स्लॅब पडायला हवा होता आणि भिंतीची लाइन नेमकी त्या दगडावरून जात होती.

चिरा म्हणजे खाणीतून चिरून काढलेला जांभ्याचा ठोकळा. नाव त्या चिरण्यावरूनच. जांभ्याचं इंग्रजी नाव लॅटराइट, तेही लॅटिनमधल्या विटेवरून आलंय. पक्कं घर ते चिरेबंदी. पण आमच्याकडे अपमृत्यू आलेल्या माणसाच्या आत्म्याला घराबाहेर एका दगडात बसवतात, त्यालाही चिराच म्हणतात. हा नारायणच्या वडलांचा. होडी परत आली होती, ते आले नव्हते.

"आये, माडाखाली बसवया तेका," नारायण आईला म्हणाला.

"नाय. भिंतीत घे. नायतर मी ह्या घरात रवाचंय नाय, भायर तेच्याकडेच रवतंय."

बाबल मागे सरला. "आये, भायरचो घरात घेतलो काय परत जायत नाय!"

"जाव नये म्हणानच सांगतंय."

नारायणने डोळे पुसले आणि होकाराची मान हलवली. बाबलने नारळ ठेवला, गाऱ्हाणं घालून 'सांभाळून घे' म्हणाला आणि चिरा भिंतीत बसवला.

पुढच्या मे महिन्यात नारायणचा फोन आला, "भिंत भिजताहा." बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. सगळी भिंत कोरडी ठणठणीत, तेवढ्याच चिऱ्यावरून पाणी ओघळत होतं. मागे पाइप नाही, बाथरूम दुसऱ्या टोकाला. बोट लावून चाखलं तर खारट.

"जांभा सच्छिद्र असतो, खारी हवा ओढून घेतो," मी ऐटीत सांगितलं.

"मगे बाजूचे चिरे कित्याक ओढनत नाय?" नारायणने विचारलं.

वॉटरप्रूफिंग केलं, वर नवं प्लॅस्टर चढवलं. आठवड्यात त्या चिऱ्यावरचं तेवढंच खाली पडलं.

मी पुन्हा गेलो तेव्हा म्हातारी टॉवेल घेऊन आली. पोराचं डोकं पुसावं तसा तिने तो चिरा पुसला. मी बघतोय हे पाहून हसली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

"दर्यातसून भिजान येता. पुसूक नको?"

ओल कुठून येते ते कळल्याशिवाय प्लॅस्टर करू नये, असं आम्हाला शिकवतात. कळल्यावरही काही ठिकाणी करू नये.