चपला काढून आलेला गुंड

हरिहरेश्वरला एका सिनेमाचं शूटिंग आलं, तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि ते बाबांच्या सहा आसनी रिक्षाच्या जोरावर. शूटिंगवाल्यांनी तीच रिक्षा आठवडाभर ठरवली. तिसऱ्या दिवशी खलनायकाच्या टोळीतला एक नट तापाने आडवा झाला आणि दिग्दर्शकाची नजर बाबांच्या मिशांवर गेली.

बाबांनी हे काम फार मनावर घेतलं. सकाळी आरशासमोर डोळे वटारायचे. आईला दम देऊन बघायचे, तर ती भाकरी थापता थापता सांगायची, जरा सरका, उजेड अडतोय. त्यांची इच्छा एकच होती. पडद्यावर आपल्याला बघून लोकांनी टरकावं. जन्मभर प्रवाशांची बोलणी खाल्लेल्या माणसाला एकदा तरी कुणीतरी घाबरायला हवं होतं.

प्रसंग असा, की चार गुंडांनी नायकाच्या घरात घुसून मोडतोड करायची. तिघे घुसले. बाबा उंबऱ्याशी थांबले, चपला काढल्या, भिंतीकडेला नीट लावल्या, आणि मग आत जाऊन मडकी फोडली. आपण काय केलं याचा त्यांना पत्ताही नव्हता. दुसऱ्याच्या घरात चपलांसकट शिरायचं त्यांच्या पायांना माहीतच नव्हतं. दिग्दर्शकाने तो शॉट तसाच ठेवला. बाबांना वाटलं, आपल्याला एका झटक्यात जमलं.

सिनेमा माणगावला लागेपर्यंत मी पदवीधर झाले होते. बाबा रिक्षा भरून शेजाऱ्यांनाही घेऊन आले. चपलांचा शॉट आला आणि थिएटर हसून लोळलं. खापरीवर अनवाणी पाय पडून बाबा कळवळले, तर टाळ्या. माझ्या शेजारी बाबा खुर्चीत खाली खाली सरकत गेले. मध्यंतरात म्हणाले, घरी चला, उद्या स्टँडवर तोंड कसं दाखवू.

मी शिकलेली, म्हणून समजवायला बसले. मोठा खलनायक कधी जेवत नाही, त्याला साधी शिंकही येत नाही, म्हणून तो परका वाटतो. हा छोटा गुंड मात्र आपल्यातलाच. साहेब सांगेल तिथे जाणारा, वाईटपणाही धड न जमणारा. म्हणून तर लोकांना तो आवडतो.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे मला जमलं न्हाय."

आम्ही उठेपर्यंत सिनेमा पुन्हा सुरू झाला, आणि पहिल्याच प्रसंगात नायकाने बाबांच्या कानाखाली वाजवली. थिएटर एकदम गप्प झालं. मागच्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "आरं, त्याला कशाला मारतोस? त्यो सांगकाम्या हाय. मोठ्याला धर की."

चारी बाजूंनी माना हलल्या. कुणीतरी नायकाला शिवीही हासडली. आई हळूच बाबांकडे झुकली. "लय जोरात लागलं का वो?"

"खोटंच असतंय ते," बाबा म्हणाले, पण आता ते खुर्चीत ताठ बसले होते.

मी विचारलं, निघायचं ना?

"गप बस. पुढं मी परत येतो."