सोनेरी मूर्तीची आखणी

रोह्याला संगीत नाटकाच्या दुपारच्या प्रयोगाला मी एकटीच गेले. पेणला गाडीत बसल्यापासून एकच वाक्य घोकत होते, "तेव्हा मी चुकीचं बोलले गो." एवढंच तिला सांगायचं होतं. साठी उलटलेल्या बाईला एवढंसं वाक्य पाठ करावं लागतं, याचा स्वतःवर रागही येत होता. निडीला गाडी थांबली तेव्हा तिच्या माहेरच्या गावाकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

ती म्हणजे त्या संगीत नाटकातली मुख्य गायिका. पण त्याआधी दहा वर्षं ती जोह्याला आमच्या गणपतीच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या पाटावर बसून मूर्ती रंगवायची. पितांबर आणि शेले तिच्याकडे. माझ्याकडे आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. ती दिवसभर गायची. मी डोळ्याला ब्रश टेकवला की मात्र गप्प. आखणी चालू असताना आमच्याकडे कोणी चकार शब्द काढत नाही, हात हलला तर देव तिरळा होतो. मी ब्रश उचलला की ती सोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायची, आणि वर चिडवायची, "डावा डोळा बारीकच काढतेस गो." मी फणकारायचे. खरं तर तिचं म्हणणं बरोबर होतं.

एका सीझनला मूर्ती ठरवायला आलेल्या गाण्याच्या बाईंनी तिचं गाणं ऐकलं आणि शिकायला पुण्याला ये म्हणाल्या. ती हरखून आधी मला सांगायला आली. मी मान वर न करता म्हटलं, "गाण्यानं पोट भरतं काय? चार दिवसांत परत येशील." मला सोडून जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून हे बोलले. ती परत आली नाही, आणि मीही कधी चौकशी केली नाही.

नाटक अगदीच भिकार निघालं. राजाचा महाल म्हणून मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरनं चित्र पाडलं होतं आणि त्यात मधूनच कॉम्प्युटरचा बाण फिरत होता. राजाची मिशी पहिल्याच अंकात एका बाजूनं सुटली. उरलेला अंक त्यानं ती बोटानं दाबून धरली. प्रधान संवाद विसरला की "आज्ञा महाराज" म्हणायचा, आणि तो सारखा विसरत होता. देवळाच्या प्रवेशात ठेवलेला गणपती तर आमच्याच भागातला, न रंगवताच उचललेला. मुकुटापासून उंदरापर्यंत नुसता सोनेरी स्प्रे मारून उभा केला होता. डोळेच नाहीत. माझ्या पुढच्या रांगेत हमरापूरकडचे कारागीर बसले होते. "आखणी नाय केलेली रे," त्यांतला एक म्हणाला, आणि अख्खी रांग माना वाकड्या करून मूर्तीच बघायला लागली. मीही तेच करत होते. आम्हा लोकांची ती खोडच आहे.

मग ती गायला लागली. पदात ती देवाला विनवत होती, एकदा तरी माझ्याकडे बघ म्हणून, आणि समोर हा असा बिनडोळ्यांचा देव. कोणी हसलं नाही. आवाज पूर्वीपेक्षा जाड झाला होता, पण कारखान्यात कधी नव्हता तेवढा खोल. वरच्या सुरापाशी ती जराही घाई न करता गेली आणि तिथे अशी थांबली, जणू आपल्या घराच्या ओटीवरच बसली आहे. राजा, मिशी, पडदा, काही उरलं नाही. मला रडू आलं. शेजारची खुर्ची रिकामी होती, त्यामुळे लपवायचं कारण नव्हतं. माझ्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं. मला तिच्यावाचून फार एकटं वाटत होतं.

प्रयोग संपल्यावर मागे गेले. ती आरशासमोर पाठमोरी बसून तेच पद गुणगुणत दागिने उतरवत होती, भोवती फोटोवाल्यांचा गराडा. दारातच माझा धीर सुटला. तिथेच तो सोनेरी गणपती टेम्पोची वाट बघत ठेवला होता. माझ्या पर्समध्ये बारीक ब्रश असतोच. मेकअपवाल्याच्या बशीतला काळा रंग घेतला आणि खाली बसले.

ब्रश टेकला आणि आतलं गुणगुणणं थांबलं.

बाकी सगळ्यांची बडबड चालूच होती. उजवा झाला, डावा झाला. मी हात उचलला, तसं सोडलेल्या शब्दापासून पद पुढे सुरू झालं. वर पाहिलं तर ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"डावा बारीकच काढलास गो," ती म्हणाली.

घोकलेलं वाक्य ओठांवर आलं, तेवढ्यात कोणीतरी तिला फोटोसाठी पलीकडे नेलं. टेम्पोवाला मूर्ती उचलायला आला. "रंग ओला हाय, डोळ्यांना हात लावू नको," एवढंच मी बोलले, तेही त्याला. मग गाडीची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पहिल्या मूर्तीला ब्रश टेकवला आणि गाणं थांबतंय का म्हणून सवयीनं कान देऊन बसले. शेजारच्या पाटावर कोणी नव्हतं. या वेळी डावा डोळा मोठा काढायचा, असं ठरवलं होतं. बारीकच काढला.