फास्टचा उलटा शब्द

ताई काविळीनं गेली आणि मागं तिची एक कॅसेट राहिली. पिंपळगावच्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची. पोरांना ऐकवायला म्हणून उलट्या शब्दांचा धडा तिनं आमच्याच टेपवर भरून ठेवला होता. शंकरपटाच्या शर्यतीतला बैल फास्ट पळतो, पण उत्तर क्विक द्यायचं. घड्याळ फास्ट म्हणजे पुढं गेलेलं. असं सगळं समजावून ती विचारायची, "आता सांगा, फास्टचा उलटा शब्द?" मग पोरांना बोलायला तिनं थोडी जागा सोडलेली.

ती जागा माय भरायची. जन्मात एबीसीडी न शिकलेली माझी माय, भाकरी थापता थापता टेपला सांगायची, "स्लो." आणि टेपमधून ताई म्हणायची, "बराबर." माझ्या अंगावर काटा यायचा. किती वेळा सांगितलं, बंद कर, असं ऐकून माणूस परत येत नसतं. ऐकेल तर शपथ!

लाईटचा भरवसा न्हाई, म्हणून टेप सेलवर चालायचा. सेल उतरले की माय ते पत्र्यावर उन्हात ठेवायची, मंग ते थोडा जीव धरायचे. नवे आणू म्हटलं तर म्हणायची, कशाला खर्चा, हायेत की. असल्या अर्धमेल्या सेलांवर कॅसेट वर्षानुवर्षं फिरली. ताईचा आवाज जड होत गेला, विहिरीतून पोहरा ओढावा तसा एकेक शब्द वर यायचा.

मला ते सोसवेना. जालन्याला बाजारात गेल्ते तेव्हा चांगले नवे सेल आणले, मायला न विचारता घातले आणि बटण दाबलं. ताई भराभरा, बारीक आवाजात बोलायला लागली. तिचा प्रश्न आला, सोडलेली जागाही निघून गेली. मायनं भाकरी सोडून टेपकडं पाहिलं.

"ही कोण हाय?" तिनं विचारलं.

"ताईच हाय, माय."

"न्हाई. माझी लेक एवढी जल्दी बोलत नव्हती. काढ ते."

मला असा राग आला! ताई अशीच तर बोलायची, तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी. ते सांगायला मी तोंड उघडलं, तिचं एखादं बोलणं आठवायला गेले, तर कानात तो जड, ओढलेला आवाजच आला. दुसरा येईना. लय भ्याले मी.

नवे सेल काढले. माय जुने आणायला उठली होती.