सुटलेली म्हैस

आमच्या दिघाशीत रस्त्याने कोणी पळताना दिसलं की "काय झालं?" असं विचारायचंच असतं. पूर्णा गावातल्या गोदामात ड्युटी करणारी आमच्या आळीतली पोरगी रोज सकाळी मॅरेथॉनच्या तयारीसाठी पळते. सुरुवातीला ती बिचारी थांबून सगळं समजावून सांगायची. ऐकून झालं की लोक विचारायचे, "पन जायचं कुठं?" शेवटी तिने उत्तर सोपं केलं. आता ती न थांबताच ओरडते, "म्हस सुटलीय!"

परवा मी ते पहिल्यांदाच ऐकलं. दुधाची किटली कठड्यावर ठेवली आणि तिच्यामागे धावलो. पुलापाशी गुडघे धरून वाकलो, तर ही जागच्या जागी उड्या मारतेय, तोंडभर हसतेय. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, तुमच्याकडं म्हस हाय कुठं?"

"न्हाय ना काका! म्हनून तर सापडत न्हाय!" असं म्हणून ती निघालीसुद्धा.

आज पहाटे मी चपला सोडून मुलाचे बूट चढवले. बायको दारात आडवी आली. "काय झालं?"

"म्हस सुटलीय," मी म्हणालो.