अन्वरचे ओले बूट

शमीमवहिनींचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत अन्वरचे कॅनव्हासचे बूट उन्हाकडे सरकवत होतो. "भाऊ, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. आदल्याच दिवशी तो सीना नदीच्या पात्रात उतरून आला होता. नदीचा वास वहिनींना घरात चालत नसे, म्हणून त्याचे बूट वर्षानुवर्षं माझ्याकडे वाळत. फोन ठेवल्यावरही मी ते सरकवतच राहिलो. आता कुणासाठी वाळवायचे, हे हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही एकाच कॉलेजात होतो. तो प्राणिशास्त्र शिकवायचा, मी मराठी. निवृत्तीनंतर त्याला एका जागी बसवेना, आणि त्याच्यामुळे मलाही. सोलापूरहून स्कूटरनं जाता येईल असं सीनेवरचं एक ठिकाण त्यानं हेरलं होतं. वर बंधारा, खाली डोह आणि मध्ये गोट्यांवरून खळखळत जाणारी उथळ धार. त्या धारेतला दगड तो उचलायचा, खालचा बोटभर मासा दाखवायचा आणि दगड होता तसाच, त्याच कुशीवर ठेवायचा. मी एकदा उलटा ठेवला, तर ओरडला, "अरे, त्याचं छप्पर तळाला घातलंस की!" बंधाऱ्याच्या थांबलेल्या पाण्यात चिलापीसारखा बाहेरून आलेला मासा माजतो, वाळू उपसली की वाळूत दडणारे मासे जातात, आणि दगडावरचं शेवाळ खरवडून जगणारे वाहत्या धारेतच टिकतात, हे मला त्याच्यामुळे झोपेतही सांगता येईल. "नदीत मासे किती, हे विचारू नकोस," तो म्हणायचा, "कुठल्या घरात कोण राहतंय ते विचार."

समारंभांशी त्याचं कधी जमलं नाही. एकदा मत्स्यबीज सोडायला त्याला प्रमुख पाहुणा केलं. त्यानं निमूट फेटा बांधून घेतला आणि माइक हातात येताच विचारलं, "हे सोडताय, पण ते राहणार कुठं?" तेवढ्यात माइक बंद पडला. आमच्याकडचे माइक प्रसंग ओळखून बंद पडतात.

अशा माणसाची शोकसभा जोरात होणारच. एका वक्त्यानं त्याला जलचरांचा देव केलं. मग त्याचा लाडका विद्यार्थी दत्ता उठला. तो आता त्या नदीकाठच्या गावचा सरपंच आहे. रडत रडत त्यानं जाहीर केलं, की सरांच्या आवडत्या धारेवर बांध घालून पाणी अडवायचं, चाळिसाव्या दिवशी त्यात मासे सोडायचे आणि वर सरांच्या नावाची पाटी लावायची. टाळ्या पडल्या. मला बसवेना.

दुसऱ्या दिवशी दत्ताला फोन केला.

"लई भारी हुतंय बघा सर. सरास्नी मासं आवडायचं की."

"दत्ता, चिलापी नव्हती आवडत त्यांना."

"मग कटला सोडू की! तुमी जात सांगा, मी आनतो."

त्याचं प्रेम खरं होतं, हीच पंचाईत. वहिनींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "त्याला भाषण नका देऊ हां भाऊ. तुम्ही मराठीवाले लई बोलता. हे असते तर त्याला पाण्यात उभं केलं असतं."

मग मी ते बूट घातले. एक नंबर मोठे, म्हणून पुढे चिंध्या कोंबल्या. धारेवर पोचलो तर काठावर जेसीबी येऊन उभा, शेजारी दत्ता. दत्ताला हाताला धरून पाण्यात ओढलं आणि एक दगड उचलला. खाली चिकटलेला मासा सुळकन पुढच्या दगडाखाली गेला.

दत्ता वाकून बघत राहिला. "ह्ये हाईत अजून? ल्हानपनी आमी हातानं धरायचो. मला वाटलं, ग्येलं सगळं डोहात."

"डोहात नाही जगत ते."

"म्हंजे बांध घातला की..." तो काठाकडे वळून ड्रायव्हरला म्हणाला, "घ्या मागं." मग मला, "पाटी तरी लावू द्या की सर."

"लाव. पाण्याच्या बाहेर."

दगड माझ्या हातून घेऊन त्यानं खाली ठेवला. जरा थांबला, परत वाकला आणि दगड फिरवून पहिल्या कुशीवर नीट बसवला. हे त्याला मी शिकवलं नव्हतं.

चाळिसावा साधेपणानं झाला. धार आज आहे. दत्ता पुढच्या निवडणुकीपर्यंत आहे. पुढचं कोण बघणार... मला माहीत नाही. बूट गॅलरीत असतात. वाळत आले की मला घरात बसवत नाही.