मूठभर काय? कोराडी ते बेसा

माझ्या लेकीला, रजनीला, सातवा महिना. बाळाचं वजन कमी भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रोटीन वाढवा, रोज मूठभर सुकामेवा खा, पंधरा दिवसांनी परत बघू. कोणता सुकामेवा, हे कुणी विचारलंच नाही. म्हणून मंगळवारी कोराडीतलं टायरचं दुकान भावावर सोपवून मी निघालो.

बसने ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रो, सीताबर्डीला गाडी बदलून अग्रसेन चौक. तुम्हाला जायचं असेल तर सकाळीच जा. नंतर गांधीबागेत कापडाच्या गाठींच्या हातगाड्या पाय ठेवू देत नाहीत. आधी तर्री-पोहे खाऊन घ्या, दुपारपर्यंत पोट तक्रार करत नाही. पुढे इतवारीपर्यंत ई-रिक्षा, वीस रुपये.

सुकामेव्याच्या पहिल्याच दुकानात शेठ म्हणाला, "काकाजी, बदाम न्या. लेकराचं डोकं तेज होते."

शेजारची गिऱ्हाईक बाई म्हणाली, "बदाम उष्ण पडते भाऊ. अक्रोड घ्या."

"काजू कसे?"

"काजूनं वजन वाढते."

"वजनच वाढवायचं आहे बाई."

"बाळाचं का आईचं?"

मी आपले पाकिटांवरचे आकडे वाचू लागलो. बदामात प्रोटीन एकवीस ग्रॅम, अक्रोडात साडेचार. अक्रोड बाद केला. दोन दुकानं फिरून चष्मा पुसला तेव्हा दिसलं, बदामाचा आकडा शंभर ग्रॅमचा आणि अक्रोडाचा तीस ग्रॅमचा. ट्रकवाला थांबायच्या आधी त्याच्या कोणत्या चाकातली हवा गेलीय ते आवाजावरून सांगणारा मी, अक्रोडाने मला फसवलं. सगळे एका मापात आणले तर पुढे निघाला शेंगदाणा. पण अक्रोडातली चरबी चांगली म्हणतात, बदामात कॅल्शियम जास्त, पिस्त्याचं आणखी वेगळंच. शेवटी माझ्या मुठीच्या अंदाजाने पंधरा दिवसांचं सगळंच घेतलं.

लेकीचं बेसा गाठायला परत मेट्रो, उज्ज्वल नगरपासून ऑटो. रजनीच्या ओट्यावर आधीच बरण्यांची रांग होती: सासूबाईंचे बदाम, नणंदेचे पिस्ते, शेजारणीचे काजू. सगळ्या काठोकाठ.

"खात काहून नाही वं?"

"बाबा, जो आणते तो दुसऱ्याचं खाऊ नको म्हणते. एकीचं खाल्लं की दुसरी रुसते. मंग मी काहीच नाही खाऊन राहिली."

मी परात मागितली. सगळ्या बरण्या आणि माझी पाकिटं तिच्यात ओतून दोन्ही हातांनी कालवली.

"आता ओळख कोणाचं कोणतं."

एक मूठ तिच्या ओंजळीत दिली, तर निम्मी खाली सांडली. टायर ओढून ओढून माझा पंजा फावड्यासारखा झालेला.

"डॉक्टरनं माझी मूठ सांगतली होती बाबा, तुमची नाही," ती म्हणाली आणि मांडीवर पडलेला शेंगदाणा तोंडात टाकला. मग एक काजू. मग न बघता आणखी काहीतरी.

पंधरा दिवसांनी कोराडीला तिचा फोन आला. "वजन वाढलं बाबा. आता बरोबर आहे म्हणाल्या डॉक्टर."

"कशानं वाढलं?"

"सासूबाई म्हणतात बदामानं. नणंदबाई म्हणतात पिस्त्यानं. तुम्ही काय म्हणता?"

शेंगदाणा अगदी जिभेवर आला होता. गिळला.

"मले नाही समजत," मी म्हणालो. "परातीनं वाढलं म्हणून सांग."